एरिया स्टडीजला जायचंय? आधी भाषेचे तास मोजा

ज्यांना आजचा एपिसोड बसमध्ये नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

थोडं माझ्याबद्दल. मी बी.टेक., पुण्यात कोड लिहितो. क्लायंट जपानी, म्हणून भाषा शिकायला लागलो, एन-फोर पास झालो. मग वाटलं, हा देश नीट अभ्यासावा. दोन वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची ऑफर हातात होती. एक वर्षाचं एम.ए., कर्जाचे कागद तयार, सह-कर्जदार म्हणून बाबांची फक्त सही बाकी. आणि मी थांबलो. का, ते सांगतो.

आधी एरिया स्टडीज म्हणजे काय? एखादा प्रदेश घ्यायचा, म्हणजे जपान, पश्चिम आशिया, आफ्रिका वगैरे, आणि त्याची भाषा, इतिहास, राजकारण, समाज हे सगळं एकत्र शिकायचं. यामागे सरकारांची गरजही होती बरं का. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने कायदा करून परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला पैसा दिला. म्हणजे कुठल्या प्रदेशाला निधी मिळतो, हे राजकारणावरही ठरतं.

आता मुद्द्याचं. प्रोग्राम निवडताना मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, भाषा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी कामापुरती यायला साधारण २२०० तास वर्गात बसावं लागतं. मला मिळालेल्या टाइमटेबलमध्ये आठवड्याला ६ तास होते. ३० आठवडे धरले तरी १८० तास! आपल्याला थोडा फायदा आहे. जपानीतही क्रियापद शेवटी येतं, आणि आपल्या ‘ला’, ‘त’ सारखे प्रत्यय नामानंतर लागतात. पण नेहमीच्या वापरातल्या २१३६ कांजी कोणालाच माफ नाहीत. मूळ भाषेतला पेपर वाचता येत नसेल, तर प्रबंध इंग्रजी पुस्तकांवरच उभा राहणार. मग एवढं कर्ज कशासाठी?

दुसरी, माणसं. वेबसाइटवर वीस प्राध्यापक दिसतात, पण त्यातले बरेच दुसऱ्या विभागांचे असू शकतात. तुमच्या विषयावर कोण काम करतं, ते त्या वर्षी रजेवर तर नाहीत ना, हे सरळ ईमेल करून विचारा. यात लाजायचं काही नाही.

तिसरी, पैसा. स्कॉलरशिप कोणासाठी आहे, ते वाचा. अमेरिकेतली ‘फ्लास’ फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळायची. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ आपल्याला खुली आहे. फी, दरमहा भत्ता आणि विमानभाडं मिळतं. पण विषय आधीच्या शिक्षणाशी जुळणारा लागतो. आपण इंजिनियर, त्यामुळे दुवा आपल्यालाच दाखवावा लागतो. उदाहरणार्थ, जपानमधलं तंत्रज्ञान धोरण.

आणि परदेशच कशाला? दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे. १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालं, १९७० मध्ये जेएनयूत आलं. तिथे प्रदेशवार केंद्रं आहेत. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अभ्यासाचा विभाग आहे. आफ्रिकेत रस असेल तर मुंबई विद्यापीठाचं कलिना कॅम्पस बघा. भाषेची सुरुवात पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही होते.

मी ती ऑफर सोडली. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सध्या नोकरी सांभाळून एन-टूची तयारी चालू आहे; ती झाली की अर्ज. बाबा अधूनमधून विचारतात, “मग, सही कधी करायची?” मी म्हणतो, “बाबा, स्कॉलरशिप मिळाली तर करावीच लागणार नाही.”

तुमच्या हातात ऑफर लेटर असेल, तर आज एकच काम करा: टाइमटेबल मागवा आणि भाषेचे तास मोजा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!