लसींचे वितरण व स्थैर्य : नॅनोतंत्रज्ञानाचे योगदान

एम-आरएनए हा रेणू अत्यंत नाजूक असून शरीरातील विकरांमुळे त्याचे त्वरित विघटन होते. म्हणून लसीत त्यास सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या मेदकणांचे आवरण दिले जाते. पेशीतील आम्लधर्मी पुटिकेत या कणांतील विशिष्ट मेद धनभारित होतो व एम-आरएनए पेशीद्रवात मुक्त होतो. तथापि, केवळ आवरणाने स्थैर्याचा प्रश्न सुटत नाही. २०२० मध्ये आलेली फायझर-बायोएनटेकची लस आरंभी उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास साठवावी लागे. पाण्याच्या सान्निध्यात एम-आरएनएचे विघटन होत असल्याने, शीतशुष्कनाद्वारे पाणी काढून टाकल्यास लस टिकाऊ होते. २०२३ मध्ये आपत्कालीन वापरास मान्यता मिळालेली, पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची शीतशुष्कित लस २ ते ८ अंशांवर साठविता येते. ग्रामीण उपकेंद्रांसाठी हा फरक निर्णायक ठरतो.