तळ्यातला मासा ताटात येताना

कल्ले लालभडक, डोळे टपोरे, मांस दाबलं तर लगेच वर येणारं. एवढं पाहून आपण मासा घेतो. त्यावरून ताजेपणा कळतो. कीटकनाशकाचा अंश मात्र डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळत नाही. तो माशात कसा पोचतो, ते पाहू.

सुरुवात शेतातून होते. कर्नाटकातला हुणसूर हा तंबाखूचा तालुका. पिकावर अळी, मावा पडला की फवारणी होते. पाठोपाठ पावसाची सर आली की औषध मातीसकट ओढ्यात, तळ्यात, लक्ष्मणतीर्थ नदीत आणि पुढे कृष्णराजसागर धरणात जातं. सगळ्यात मोठी चूक होते ती फवारणीचा पंप ओढ्यात धुताना. मग ते औषध थेट पाण्यातच पडतं.

पाण्यात गेल्यावर प्रत्येक औषध वेगळं वागतं. सायपरमेथ्रिनचा अगदी थोडा अंशही माशांना मारतो. फवारणीनंतर तळ्यात मासे तरंगताना दिसले तर ते फुकट मिळाले म्हणून उचलू नका. कोंबड्यांनाही घालू नका.

डीडीटीचं तसं नाही. भारतात शेतीसाठी १९८९ पासून त्यावर बंदी आहे, पण ते गाळात वर्षानुवर्षं टिकतं आणि चरबीत विरघळतं. सूक्ष्म जीव ते शोषतात, त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मरळ. दर पायरीला साठा वाढतो. याला जैविक आवर्धन म्हणतात, म्हणजे खाद्यापेक्षा खाणाऱ्याच्या अंगात विष दाट होणं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये १९४९ पासून तीनदा चिलटांसाठी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं. पाण्यात जास्तीत जास्त पाच कोटी भागांत एक भाग, इतकंच. मासे खाणारे पाणपक्षी मेले, तेव्हा त्यांच्या चरबीत ते दहा लाखांत १६०० भाग निघालं.

आता आपली विळी. मीठ-हळद लावून मासा चारदा धुतला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण चरबीतलं विष पाण्यानं निघत नाही. पोट उघडल्यावर आतड्यांना चिकटलेली पिवळट चरबी बोटानं खरवडून टाका. काळीज टाका, मोठ्या माशाची कातडीही काढा. तळ्यातल्या मोठ्या माशाची गाबोळी रोज नको. भाजताना गळालेली चरबी आणि रश्श्यावरचा माशाचा तवंग टाकून द्या. यानं विष पूर्ण जात नाही, पण बरंच कमी होतं.

एका जेवणानं सहसा काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षं साठण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये डीडीटीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. ते आईच्या दुधातूनही बाळाकडे जातं.

म्हणून गरोदर बाईचा मासाच बंद करणं मात्र चुकीचं, बाळाच्या मेंदूला तो हवा असतो. एकाच तळ्यातला मोठा मासा सतत देण्याऐवजी तिच्या ताटात आज लहान कटला, पुढच्या वेळी मंगळुरूकडची तारली असू द्या.