कुरण मेलंय की दमलंय?

ओसाड गायरान सुधारायचं ठरलं की ग्रामसभेत पहिली मागणी होते ती जेसीबीची, दुसरी झाडांच्या खड्ड्यांची. दोन्हींना जरा थांबवा. आधी माळ पायी पालथा घाला, आणि तोही ऑक्टोबरात, गवतं तुऱ्यावर असताना. तुरा नसेल तर पवना कोणता, कुसळी कोणती हे सांगताना जाणतेही अडखळतात. उन्हाळ्यात काय, सगळेच माळ मेलेले दिसतात.

एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत सरळ चालायचं. दर दोन पावलांनी बुटाच्या टोकाशी काय आहे ते टिपायचं: उघडा मुरूम, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गवताचं ठोंब, एका पावसाळ्याचं गवत की तण. अशा शंभर नोंदी करा. दख्खनच्या माळावर गुरं आधी मारवेल, पवना फस्त करतात. वरची पात पुन्हापुन्हा कुरतडली गेली की खालची मुळं आखडतात, ठोंब मरतं आणि त्या जागी कुसळी येते. तीही हटली की तरोटा, गाजरगवत. म्हणजे आज काय उगवलंय त्यावरून ऱ्हास कुठवर आलाय ते कळतं.

माझा ठोकताळा असा: शंभरात दहा-पंधरा चांगली ठोंबं निघाली तर बियाण्यावर पैसा घालू नका. दोन पावसाळे चराईबंदी पुरते. बी पडू द्यायचं, मग विळ्याने कापून गवत घरी न्यायचं. हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून हाच मार्ग धरला. कुसळी मात्र फुलोऱ्याआधीच कापावी. नंतर तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि गुरांच्या तोंडात रुततात. बंदीचा भार पडतो तो भूमिहीन शेळीवाल्यावर आणि धनगरावर. म्हणून सगळा माळ एकदम बंद न करता तिसरा हिस्सा आळीपाळीने बंद ठेवावा, आणि कापलेल्या गवतात त्यांचा वाटा आधीच ठरवावा. नाहीतर रात्री कुंपण मोडणारच.

ठोंबं जवळजवळ नसतीलच, तर पेरणी. उतारावर आधी समतल चर, नाहीतर पहिल्याच वळवात बी ओढ्याला. अंजन गवताचं बी हलकं, केसाळ. माती-शेणाच्या गोळ्यांत मिसळून टाकलं तर वाऱ्याने उडत नाही. मारवेलची मुळासकट ठोंबं लावावीत. सोबत स्टायलो हवाच, कारण शेंगवर्गातला असल्याने तो जमिनीला नत्र देतो. त्याचं टणक बी पेरण्याआधी काही मिनिटं गरम पाण्यात ठेवतात. पहिल्या वर्षी जनावर आत नको.

झाडांचा हट्ट मला पटत नाही. माळढोक, तणमोर, काळवीट यांचं घर उघडा माळच आहे, आणि दाट सावलीत ही गवतं तग धरत नाहीत.

शेवटी वजनकाटा. एक चौरस मीटर गवत कापून वाळवा. 100 ग्रॅम भरलं, तर हेक्टरी एक टन. निम्मं माळासाठी सोडायचं. उरले 500 किलो. साडेतीनशे किलोची गाय दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा खाते, म्हणजे एका हेक्टरावर एक गाय जेमतेम दोन महिने. हा हिशोब फळ्यावर मांडा. गावची जनावरं त्याहून फार जास्त असतील, तर कुठलंही बियाणं ते कुरण वाचवणार नाही.