घरी बांधलेल्या विमानाची फाइल

भाच्याने विमान बांधायला घेतलंय, असं ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, रिमोटवरचं खेळणं असेल. पण ते खरं निघालं. दोन माणसं शेजारी बसतील असं पत्र्याचं विमान, आणि तेही ओहायो राज्यातल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये. पत्रे, सांगाडे आणि नकाशे ओरेगॉनमधल्या एका कंपनीकडून खोक्यांत भरून आले होते. भोकं पाडणं, कडा घासणं, रिव्हेट ठोकणं हे सगळं तो आणि त्याची बायको रोज रात्री जेवण झाल्यावर करत. 2018 च्या उन्हाळ्यात मी आणि ताई तिकडे तीन महिने होतो. हत्यार धरण्यात मी अडाणी. पण सहकारी बँकेत एकवीस वर्षं कर्जाच्या फायली सांभाळल्या आहेत, आणि नोकरी सोडल्यावर जुन्या कागदपत्रांचा नाद लागला आहे. भाच्याने हे ओळखलं असावं. दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, "मामा, पंखांचं मी बघतो. कागदांचं तू बघ."

ताईचा प्रश्न एकच होता, आणि तो ती रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारायची. "सरकार पास करतं ना रे ते?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. तीन महिन्यांनी कळलं, की ते उत्तर चुकीचं होतं.

विमानाला दोन निरनिराळे दाखले लागतात, आणि त्यांची गल्लत जवळपास प्रत्येक जण करतो. पहिला नोंदणीचा. हे विमान कोणाचं आणि कोणत्या देशाचं, एवढंच तो सांगतो. 1944 च्या शिकागो करारात म्हटलं आहे, की विमान जिथे नोंदलं जाईल त्या देशाचं त्याला राष्ट्रीयत्व मिळतं. म्हणजे आपल्या पासपोर्टसारखंच. पासपोर्टवरून माणसाची प्रकृती जशी कळत नाही, तसंच नोंदणीवरून विमानाची कळत नाही. त्यासाठी दुसरा दाखला, उड्डाणयोग्यतेचा. अमेरिकेत पहिला हातात असल्याशिवाय दुसऱ्यासाठी तपासणीच होत नाही. म्हणून शेपूट आणि पंख धडाला जोडायच्या आधीच आम्ही नोंदणीचा अर्ज काढला.

फी पाच डॉलर. तेवढ्यात तिथे दोन कप कॉफीसुद्धा येत नाही. अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. भाच्याकडे ते कागद होते. अर्जासोबत मालकीचं प्रतिज्ञापत्र लागतं, नोटरीसमोर सही केलेलं, आणि किटच्या विक्रीचा दाखला. हे प्रतिज्ञापत्र भरताना मी पहिल्यांदा अडखळलो. एक रकाना होता निर्मात्याच्या नावाचा. मी सरळ ओरेगॉनच्या कंपनीचं नाव लिहिलं. भाचा हसला. तिथे त्याचं नाव हवं होतं. कंपनीने सुटे भाग विकले, विमान त्याने केलं. मॉडेलचं नावही त्यानेच ठरवायचं आणि अनुक्रमांकही त्यानेच. किर्लोस्कर, बजाज, टाटा ही नावं ज्या रकान्यात वाचायची सवय, तिथे आपल्या घरातल्या मुलाचं नाव लिहिताना मला जरा वेळ लागला.

आणि ते नावच नडलं. विक्रीच्या दाखल्यावर नाव आणि आडनाव. प्रतिज्ञापत्रावर, मराठी रीतीने, मध्ये वडिलांचं पूर्ण नाव. अर्जावर वडिलांच्या नावाचं एक अक्षर. आपल्याला या तिन्हींत माणूस एकच दिसतो. कागद वाचणाऱ्याला तीन दिसतात. कागद परत आले, आणि तसे ते यायलाच हवे होते. बँकेत मी स्वतः अशाच कारणासाठी शेकडो अर्ज परत केले आहेत. पुन्हा नोटरी, पुन्हा पाच डॉलर नाहीत पण पुन्हा काही आठवडे.

विमानावर रंगवायचा क्रमांक अमेरिकेत 'एन'पासून सुरू होतो. पुढे जास्तीत जास्त पाच चिन्हं, पहिला आकडा शून्य नको, आणि 'आय' व 'ओ' ही अक्षरं वर्ज्य, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. भारतीय विमानांवरच्या 'व्हीटी'चा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी', व्हाइसरॉयचा मुलूख, असं पुष्कळदा सांगितलं जातं आणि त्यावर दर काही वर्षांनी कोणीतरी संतापतं. मला ती मागाहून बसवलेली फोड वाटते. ही अक्षरं रेडिओच्या बोलावण्याच्या खुणांतून आली. त्या वाटपात ऑस्ट्रेलियाला 'व्हीएच' मिळालं, आणि 'व्हीटी'पासून 'व्हीडब्ल्यू'पर्यंतची अक्षरं भारताच्या वाट्याला आली. 'व्हीडब्ल्यू'मधल्या 'डब्ल्यू'चा व्हाइसरॉयशी संबंध कोणी अजून लावलेला नाही.

आता खरा भाग. बाजारातलं विमान घेतलं तर त्याच्या नमुन्याला आधी सरकारची मान्यता लागते. आराखडा, साहित्य, चाचण्या, कारखान्यातली पद्धत, सगळं तपासलं जातं. त्याला वर्षं लागतात आणि खर्च एका माणसाच्या आवाक्यात नसतो. अमेरिकेच्या नियमांत या राजरस्त्याला एक पायवाट फुटते. विमानाचा मोठा भाग ज्यांनी घडवला आणि जोडला, आणि ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी अंगावर घेतलं, त्यांना 'प्रायोगिक' या वर्गात दाखला मिळू शकतो. शिक्षण किंवा करमणूक. एवढ्या रुक्ष नियमावलीत हे दोन शब्द भेटतील असं मला वाटलं नव्हतं.

'मोठा भाग' याला बोलीभाषेत एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात, पण मूळ नियमात आकडा नाही. मोजणी होते ती कामांची. बरगडी घडवली, पंख जोडला, नियंत्रणाच्या तारा ओढल्या, अशा कामांची एक लांबलचक यादी असते आणि त्यांपैकी किती कामं हौशी माणसाने केली ते पाहतात. इंजिन, पंखा, चाकं, उपकरणं विकत घ्यायला हरकत नाही. रंगकाम आणि बैठकींचं शिवणकाम या मोजणीत धरत नाहीत. पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलेलं काम आपल्या बाजूला मोजता येत नाही. मी केलं असं खोटं लिहिलं तर तो गुन्हा.

मग मी केलं हे दाखवायचं कसं? इथे माझं खरं काम सुरू झालं. बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून रोजनिशी ठेवायची असते. तारीख, काम, किती तास, आणि फोटो. फोटोत नुसता पंख नको, पंखाशेजारी माणूस हवा. भाच्याने सुरुवातीला नेटाने लिहिलं होतं, पण मध्ये जवळजवळ चार महिने कोरे होते. त्या काळात काम जोरात चाललं होतं, म्हणूनच लिहायला सवड नव्हती. मी त्याच्या फोनमधले फोटो तारखांप्रमाणे लावले, रिव्हेटची आणि रंगाची बिलं काढली, बायकोने मैत्रिणीला पाठवलेले निरोप पाहिले. त्यातून बहुतेक दिवस उभे राहिले. आणि मग मी, बँकेतल्या सवयीने, त्या नोंदी त्या-त्या तारखेखाली लिहायला घेतल्या. भाच्याने पेन काढून घेतलं.

"मामा, आज लिहितोय तर आजची तारीख टाक. आणि खाली लिही, फोटोंवरून नोंदवलं."

मी म्हटलं, तपासणाऱ्याला संशय येईल. तो म्हणाला, येऊ दे. मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या नोकरीतल्या काही नोंदी आठवत राहिल्या.

याला आणखी एक कारण होतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, या दाव्याच्या मागे मी आयुष्याची काही वर्षं घालवली आहेत. त्या दिवशी नेमकं काय झालं हे सांगणारा समकालीन, भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. म्हणून हा विषय निघाला, की अभिमान आणि टवाळी यांच्यापलीकडे बोलणं जात नाही. राइट बंधूंचं 17 डिसेंबर 1903 चं उड्डाण तसं नाही. त्याचा फोटो आहे, ऑरव्हिलची दैनंदिनी आहे, त्याच दिवशी घरी केलेली तार आहे. तळपद्यांवर हळहळणारा मी, भाच्याच्या रोजनिशीत मागची तारीख घालायला निघालो होतो.

विमान उभं राहिल्यावर आधी ते तोललं. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजनं घ्यायची, आणि त्यावरून गुरुत्वमध्य कुठे येतो ते काढायचं. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर मागे सरकला तर विमान हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून या एका पानावरची बेरीज आम्ही तिघांनी वेगवेगळी केली. शेपटीजवळ आगीत न जळणारी धातूची पट्टी बसवली, तिच्यावर निर्मात्याचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक. आत शिरताना दिसेल असा 'प्रायोगिक' हा शब्द इंग्रजीत, किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत. आणि शेजारच्या बैठकीसमोर एक सूचना: हे विमान हौशी बांधणीचं आहे, आणि सर्वसाधारण विमानांसाठी असलेल्या सरकारी सुरक्षा नियमांची पूर्तता ते करत नाही.

ती पट्टी ताईने वाचली. मला वाटतं, दोनदा वाचली. "म्हणजे सरकारने पास केलं नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तपासणीला सरकारने नेमलेला एक खाजगी तज्ज्ञ आला. तो आपली फी घेतो. पहिले दोन तास तो विमानाकडे गेलाच नाही, जेवणाच्या टेबलावर फाइल वाचत बसला. त्या चार महिन्यांच्या पानांवर थांबला, खालचं वाक्य वाचलं, दोन फोटो पाहायला मागितले आणि पुढे गेला. मग बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन उघड्या झाकणांतून आत पाहिलं. एका तारेचं घर्षण होईल असं दाखवलं, ते आम्ही दुरुस्त केलं. शेवटी त्याने गुलाबी रंगाचा दाखला दिला आणि सोबत अटींची काही पानं.

त्या अटींत पुढची व्यवस्था होती. मान्यता असलेल्या इंजिन-पंख्याची जोडी असेल तर पंचवीस तास, नसेल तर चाळीस तास, ठरवून दिलेल्या हद्दीत चाचणीची उड्डाणं. हौसेखातर कोणाला शेजारी बसवायचं नाही. आमच्या जोडीला मान्यता नव्हती, म्हणून चाळीस. ते तास भरले, की विमान सुरक्षित आहे असं लॉगबुकात लिहून सही करायची. कोणी? बांधणाऱ्यानेच. मी ते कलम तीनदा वाचलं. ताईच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. सरकार विमान पास करत नाही. तू हे स्वतः केलंस का, एवढं ते पाहतं, कुठे आणि कसं उडवायचं ते बांधून देतं, आणि सुरक्षिततेचं वाक्य तुझ्याच हाताने लिहून घेतं. दर बारा महिन्यांनी तपासणी करून सही करण्याचा अधिकारही मुख्य बांधणाऱ्याला मागता येतो. विमान विकलं तर तो अधिकार नव्या मालकाकडे जात नाही. आणि हा गुलाबी दाखला आंतरराष्ट्रीय मापाचा नसल्यामुळे दुसऱ्या देशात जायचं तर त्या देशाची संमती लागते.

हे सगळं पाहताना मला कांदिवलीची गच्ची आठवत होती. कॅप्टन अमोल यादव यांनी तिथे, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. तेव्हा मीही आनंदाने ती बातमी चार जणांना सांगितली, आता विमान उडणार म्हणून. ओहायोत कागद हाताळल्यावर कळलं, की ती पासपोर्टची बातमी होती. उड्डाणाचा परवाना मिळायला ऑक्टोबर 2019 उजाडला. त्यांच्या कष्टांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, ते योग्यच. पण माझं लक्ष जातं त्या मधल्या दोन वर्षांकडे. 1934 चा कायदा आणि 1937 चे नियम डोळ्यांसमोर ठेवून बसलेल्या अधिकाऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याच्यापुढे हौशी बांधणीची मळलेली वाट नव्हती, आणि सही त्याची होती. अमेरिकेतली व्यवस्था ती सही बांधणाऱ्याकडे सरकवते, म्हणून तिथला अधिकारी निवांत असतो. 1 जानेवारी 2025 पासून आपल्याकडे जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. त्याखालचे नियम करताना कोणीतरी या एका सहीचा विचार करावा, असं मला वाटतं.

मी आणि ताई परत आलो तेव्हा भाच्याचे अकरा तास झाले होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याने लॉगबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. ताईने मला बोलावून घेतलं आणि शब्दन् शब्द मराठीत सांगायला लावला. ठरलेले तास पूर्ण झाले आहेत, सर्व नेहमीच्या वेगांत विमान ताब्यात राहतं, धोकादायक खोड आढळली नाही. खाली वेगांचे आकडे, वजन, गुरुत्वमध्य. तिने विचारलं, "आणि सही?"

मी नाव वाचलं, मधल्या अक्षरासकट. तिने तो कागद छापून आणायला सांगितला आणि घराच्या इंडेक्स-टूच्या फाइलीत लावला. त्या सप्टेंबरात ती पुन्हा गेली. उजव्या बैठकीवर बसलेला तिचा फोटो माझ्याकडे आहे. पुढची पट्टी त्यात अर्धवट दिसते.