जुना फोटो आणि आपला नाच

शहापूर-मुरबाडकडे वारली, ठाकर, कातकरी बंधूंची वस्ती आहे. भात पिकले की वारल्यांचा तारपा घुमतो. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांचे हे वाद्य. ते वाजवणाऱ्याभोवती बाया-माणसे हातात हात गुंफून गोल नाचतात.

हा नाच फोटोत कसा मावणार? सुमारे १८६० साली एका फोटोला काही सेकंद लागत. मधेच कोणी हलला की चित्र पुसट येई. म्हणून नाचणाऱ्यालाही स्थिर उभे करीत. विल्यम जॉन्सन साहेबाचे मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे पुस्तक १८६३ व १८६६ साली दोन भागांत निघाले. त्यात माणसे एकीकडची, मागचा देखावा दुसरीकडचा, असे फोटो जोडलेले आहेत. तेव्हा फोटोत दिसते ते सारे जसेच्या तसे खरे, असे आम्ही मानत नाही.

अशा फोटोंखाली बहुधा जातीचे नाव असे, माणसाचे नसे. आपण तसे करू नये. घरात नाचाचा जुना फोटो असेल तर म्हाताऱ्यांना विचारा. हा कोण? पाडा कोणता? सण कोणता? उत्तरे फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. जाणती माणसे गेली की सांगणारे कोणी राहत नाही. तुम्हांला आता लिहिता येते. मग हे काम उद्यावर टाकू नका.