गुडघ्यातील वंगण

"गुडघ्यातले ग्रीस संपले आहे, ते भरून द्या," असे म्हणणारे रुग्ण आपल्यापैकी अनेकांना भेटत असतील. मला तर आठवड्याला दोन-तीन भेटतात. उपमा वाईट नाही, पण अपुरी आहे. झिजलेल्या सांध्यातील द्रव बहुधा आटत नाही. कित्येकदा तो वाढतोच. घटतो तो त्याचा कस. हायल्युरॉनिक आम्ल विरळ होते, त्याच्या लांब साखळ्या तुटतात. तेच आम्ल बाहेरून टोचून मिळणारा आराम, माझ्या मते, खर्चाच्या मानाने तोकडा असतो.

निसर्गाची खरी किमया द्रवापेक्षा पृष्ठभागात आहे. कूर्चेत ७० ते ८० टक्के पाणी असते. पाऊल टेकताच हे पाणी दाबाखाली येऊन भाराचा मोठा वाटा उचलते आणि घन भाग एकमेकांस फारसे भिडत नाहीत. जेथे भिडतात तेथे ल्युब्रिसिन या प्रथिनाचा अतिसूक्ष्म थर आड येतो. जनुकीय दोषामुळे हे प्रथिन नसलेल्या मुलांचे सांधे कोवळ्या वयातच बिघडू लागतात.

कृत्रिम खुब्याला अशी कूर्चा नाही. ॲक्रिलिकचा गोळा बसविलेल्या एका रुग्णाचा खुबा करकरतो, हे इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या कानी आले. शरीरातील द्रव परक्या पृष्ठभागांना पुरेसे वंगण देत नाही, तेव्हा पदार्थच निसरडा हवा, असे त्यांनी ठरविले आणि टेफ्लॉनची वाटी वापरली. घर्षण अत्यल्प झाले. परंतु काही वर्षांतच वाट्या झिजल्या, कणांमुळे भोवतालच्या ऊतींत दाह उसळला आणि सांधे काढावे लागले. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे समीकरण तेथेच मोडले. चार्नलींनी टेफ्लॉन व पॉलिएथिलीन दोन्ही स्वतःच्या मांडीत टोचून पाहिले, हे मला शस्त्रक्रियेहूनही धाडसाचे वाटते! १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन स्वीकारले. ते टेफ्लॉनइतके निसरडे नाही, पण झिजते फारच कमी. सुमारे २२ मिलिमीटरचा लहान गोळा त्यांनी घेतला, तो घर्षणाचा पीळ कमी राहावा म्हणून.

१९९० च्या दशकाअखेरीपासून प्रारणांनी साखळ्या परस्परांत गुंफलेले पॉलिएथिलीन वापरात आले आणि झीज आणखी घटली. गोळा मात्र आरशासारखाच गुळगुळीत लागतो. त्यावर ओरखडा उठला, तर त्याची उंचावलेली कड प्रत्येक पावलागणिक वाटी कानशीसारखी खरवडते. म्हणून गोळा बसविताना धातूचे हत्यार त्याच्याजवळ आणू नये, हे मी सहायकांना दर वेळी सांगतो.