अंतराळातील वसाहतीचा प्रश्न

पृथ्वीबाहेर कायमची वसती करण्याचे जे स्वप्न विज्ञानकथाकारांनी दीर्घकाळ जोपासले, त्यास गणिताचे अधिष्ठान देण्याचा मोठा प्रयत्न प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली केला. अवकाशातच कित्येक किलोमीटर लांबीचे दंडगोल उभारावेत, ते स्वतःभोवती फिरवून आतील पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणासारखा परिणाम साधावा, आणि चंद्राचा मुक्तिवेग पृथ्वीच्या सेकंदास ११.२ किलोमीटरांच्या मानाने अवघा २.४ किलोमीटर असल्यामुळे बांधकामाची बहुतेक सामग्री तेथूनच आणावी, अशी त्यांची तजवीज होती. आर्थर क्लार्क यांच्या १९७३ च्या ‘राँदेव्हू विथ रामा’ या कादंबरीतही असेच फिरते, पोकळ जग वाचकास भेटते.

तथापि यंत्ररचनेहून बिकट प्रश्न जीवनचक्राचा आहे. ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त काचगृहात १९९१ पासून दोन वर्षांच्या मुदतीसाठी आठ माणसे राहिली, तेव्हा मातीतील सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे हवेतील प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि तो अखेर बाहेरून पुरवावा लागला. म्हणून ज्या पिढीस अंतराळात बिऱ्हाड थाटावयाचे आहे, तिने अग्निबाणांइतकाच माती, वनस्पती व हवा यांच्या परस्परव्यवहाराचा निष्ठेने अभ्यास केला पाहिजे. तो पृथ्वीच्या रक्षणासही तितकाच उपकारक ठरेल.